‘इतिहास पहा’: वर्गात आलेल्या विकिपीडियाची गोष्ट

२०११ च्या पावसाळ्यात पुण्यातल्या शेकडो विद्यार्थ्यांना एक वेगळीच असाइनमेंट मिळाली. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, सिंबायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि एसएनडीटी महिला विद्यापीठ या त्या तीन संस्था. आपल्या विषयातला एक लेख निवडायचा आणि इंग्रजी विकिपीडियावर तो लिहायचा किंवा सुधारायचा, असं काम होतं. राइट-अप लिहा, फाइलला लावा, सही घ्या, विसरून जा, हा नेहमीचा क्रम इथे नव्हता. लिहिलेलं त्याच क्षणी जगासमोर जाणार होतं.

नोव्हेंबरमध्ये हा प्रयोग बंद करावा लागला. विद्यार्थ्यांनी टाकलेल्या मजकुरातला बराच भाग पाठ्यपुस्तकांतून आणि वेबसाइटींवरून जसाच्या तसा उचललेला निघाला. तो हुडकून काढायला जगभरातले बिनपगारी स्वयंसेवक पुढे कित्येक महिने राबत होते.

हे घडत होतं तेव्हा मी नांदगावला शाळेत होतो. पुढे इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी धरली, आणि त्या नोकरीत रोज चार जणांनी मिळून एकच मजकूर लिहिण्याची सवय लागली. त्यानंतर कधीतरी पुण्याच्या या प्रयोगाबद्दल वाचलं. ‘आपली मुलं कॉपी करतात’ या एका वाक्यात ती गोष्ट संपवता येते. ते वाक्य खोटं नाही. पण मुलं कॉपी का करतात, आणि आपल्याच मातीत कॉपी न करता लिहिणारी मुलं कधी होती का, हे प्रश्न त्या वाक्यात येत नाहीत.

प्रयोग कुठून आला

विकिपीडियाचा जन्म १५ जानेवारी २००१ चा. पहिली दहा वर्षं शिक्षक आणि विकिपीडिया यांचं नातं ‘तिथून उतरवू नका’ या सूचनेपुरतंच होतं. मग काही प्राध्यापकांनी उलटा विचार केला. मुलं तिथे जातातच, तर त्यांना वाचायला पाठवण्याऐवजी लिहायला का पाठवू नये?

२०१० मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने अमेरिकेत ‘पब्लिक पॉलिसी इनिशिएटिव्ह’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. स्टँटन फाउंडेशनने त्यासाठी १२ लाख डॉलर दिले. सार्वजनिक धोरण शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी टर्म पेपरऐवजी विकिपीडियावरचा लेख हेच काम द्यायचं आणि मदतीला विकिपीडियाची ओळख असलेले ‘अँबॅसिडर’ ठेवायचे, अशी रचना होती. तो बरा चालला. विद्यार्थ्यांनी चांगले लेख लिहिले आणि प्राध्यापकही खूश झाले.

पुढचा टप्पा भारत ठरला आणि शहर ठरलं पुणे. हिशोब समजण्यासारखा होता. भारतात इंग्रजीतून शिकणारे विद्यार्थी लाखोंनी, इंटरनेट झपाट्याने पसरत चाललेलं, पण विकिपीडियावर लिहिणारे त्या मानाने फार थोडे. आणि पुणे म्हणजे विद्येचं माहेरघर. कॉलेजं मिळाली, प्राध्यापक तयार झाले, विद्यार्थ्यांमधूनच ‘कॅम्पस अँबॅसिडर’ निवडून त्यांना प्रशिक्षण दिलं गेलं.

पण अमेरिकेत ज्या गोष्टी गृहीत धरल्या होत्या, त्या इथे होत्या का, हे कुणी नीट तपासलं नाही. तिथल्या विद्यार्थ्याला कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकवतात की दुसऱ्याचं वाक्य घेतलंस तर अवतरणात घाल आणि नाव दे, नाहीतर नापास होशील. इथल्या कॅम्पस अँबॅसिडरांपैकी बरेचसे स्वतःच विकिपीडियावर नवखे होते. जो कालपर्यंत पोहायला शिकत होता, त्यालाच आज काठावर उभं राहून वर्गभर मुलांवर लक्ष ठेवायला सांगितलं. आणि मुलं एकदम शेकड्यांनी पाण्यात उतरली.

नेमकं काय बिघडलं

दृश्य डोळ्यासमोर आणा. सबमिशनची तारीख जवळ आली आहे. लेखाचा विषय तांत्रिक किंवा अर्थशास्त्रातला आहे. लिहायचंय इंग्रजीत, तेही ज्ञानकोशाच्या इंग्रजीत. हाताशी पाठ्यपुस्तक आहे आणि त्यात हाच विषय छान मांडलेला आहे. आजवरच्या शिक्षणाने शिकवलंय की पुस्तकातलं उत्तर हेच बरोबर उत्तर, आणि त्याच्या जितकं जवळ जाल तितके मार्क. मग त्यातला शब्द बदलायचा तरी कशाला?

महाराष्ट्रात शिकलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. गाईड, अपेक्षित प्रश्नसंच, ‘निबंधमाला’ नावाखाली मिळणारे तयार निबंध. ‘माझा आवडता ऋतू’ हा ऋतू अख्ख्या वर्गाचा एकच असतो, आणि त्यात पडणारा पाऊसही एकाच पुस्तकातला असतो. इंजिनिअरिंगला गेल्यावर हीच विद्या पुढच्या इयत्तेत जाते. ड्रॉइंगच्या तयार शीटवर कोरी शीट ठेवायची, खाली काच आणि काचेखाली बल्ब, की झालं. याला ‘जीटी’ म्हणतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. आपल्याकडच्या होस्टेलमध्ये हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही. जर्नलं एकाची बघून दुसरा लिहितो, त्याची बघून तिसरा. वरच्या कोपऱ्यातली सही मिळाली की त्या कागदाचं आयुष्य संपतं. सही करणाऱ्यालाही हे ठाऊक असतं.

या व्यवस्थेत कुणाची फसवणूक होत नाही, कारण कुणीच वाचत नसतं. पुण्यातल्या प्रयोगात पहिल्यांदाच असं झालं की पलीकडे खरंच कुणीतरी वाचत होतं.

विकिपीडियावरच्या जुन्या संपादकांना काही आठवड्यांतच संशय आला. नवख्या खात्यांवरून मोठमोठे परिच्छेद एका दमात येत होते. त्यातली वाक्यं सर्च इंजिनमध्ये टाकली की मूळ जागा सापडत होती. संपादकांनी मजकूर काढला, विद्यार्थ्यांच्या चर्चा पानांवर इशारे दिले. ते इशारे नियमांच्या आकड्यांनी आणि संक्षेपांनी भरलेल्या इंग्रजीत होते. अनेकांनी ते पाहिलेच नाहीत. चर्चा पान नावाची गोष्ट असते आणि तिथे आपल्यासाठी निरोप येतात, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. काढलेला मजकूर काही ठिकाणी पुन्हा टाकला गेला. त्यांच्या दृष्टीने असाइनमेंट पुसली गेली होती आणि तारीख उलटत चालली होती.

दुसऱ्या बाजूच्या माणसांचा रागही समजून घ्यायला हवा. हे लोक संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर आवड म्हणून विकिपीडिया सांभाळणारे. या प्रयोगाबद्दल त्यांना आधी कुणी नीट विचारलं नव्हतं. अचानक एका शहरातून मजकुराचा लोंढा आला आणि तो गाळण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. कॉपीराइटचा प्रश्न असल्यामुळे दुर्लक्ष करण्याची सोय नव्हती. एकेका विद्यार्थ्याची एकेक नोंद तपासावी लागली.

फाउंडेशनने चूक लपवली नाही, एवढं श्रेय द्यायला हवं. त्यांनी बाहेरच्या अभ्यासकाकडून चौकशी करून घेतली आणि अहवाल सगळ्यांसाठी खुला ठेवला. फार मोठी संख्या, फार थोडा वेळ, अँबॅसिडर अननुभवी, इंग्रजी लेखनाची अडचण, वाङ्मयचौर्य म्हणजे काय याची अपुरी जाण, आणि ज्यांच्या अंगणात हे सगळं होणार त्या संपादकांशी नसलेला संवाद, ही त्यातली मुख्य कारणं. १८ ते २० नोव्हेंबर २०११ ला मुंबई विद्यापीठात भारतातली पहिली विकी परिषद भरली. जिमी वेल्स स्वतः आले होते. पुण्यातला प्रयोग तेव्हा नुकताच आवरता घेतला होता.

इतिहासाचा टॅब

आता थोडं तंत्राबद्दल, कारण या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार तोच आहे.

एकाच मजकुरावर अनेकांनी काम करायचं, ही कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी एक प्रात्यक्षिक दाखवलं. त्यात ते स्टेजवरून आणि त्यांचा सहकारी दूरच्या मेन्लो पार्कमधून एकाच पडद्यावरच्या मजकुरावर काम करत होते. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिला विकी तयार केला. होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून त्यांनी नाव घेतलं. हवाई भाषेत त्याचा अर्थ झटपट. कुणीही यावं, ‘संपादन’ दाबावं, पान बदलावं. २००६ मध्ये गूगलने रायटली नावाचं छोटं सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि त्यातून गूगल डॉक्स उभं राहिलं. आता तर दोघं जण एकाच ओळीत एकाच वेळी टाइप करू शकतात.

हे शेवटचं वाटतं तितकं सोपं नाही. समजा पानावर ‘नांदगाव मनमाडजवळ आहे’ असं वाक्य आहे. एकीने सुरुवातीला ‘आमचं’ जोडलं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने ‘मनमाडजवळ’ खोडून ‘मनमाड-चाळीसगाव मार्गावर’ लिहिलं. दुसऱ्याची सूचना होती ‘अमुक क्रमांकाच्या अक्षरापासून खोड’. पण पहिलीच्या ‘आमचं’मुळे सगळी अक्षरं पुढे सरकलेली आहेत. सूचना तशीच पाळली तर भलतंच खोडलं जाईल. म्हणून एकाची सूचना दुसऱ्याच्या बदलानुसार बदलून घ्यावी लागते. एलिस आणि गिब्ज या दोन संशोधकांनी यावर १९८९ मध्ये मूलभूत काम केलं. आज आपल्या फोनवर ते गुपचूप चालू असतं.

पण माझ्या मते वर्गासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट याहून साधी आहे. ती म्हणजे ‘इतिहास पहा’ हा टॅब. विकीवर प्रत्येक जतन केलेली आवृत्ती राहते. कुणी, केव्हा, किती बदललं, कुठलं वाक्य गेलं, कुठलं आलं, सगळं समोर ठेवून बघता येतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याच्याशिवाय एक दिवस काम करू शकत नाही. आमच्याकडे कुणी कोड लिहिला की दुसरा तो वाचतो, शेरे देतो, मग बदल होतात आणि त्यानंतरच तो मुख्य कोडमध्ये जातो. कॉलेजात हे शिकायला मिळत नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकावं लागतं, आणि आपलं लिहिलेलं दुसऱ्याने खोडलं की पहिल्यांदा जरा लागतंच.

पुण्यातली नक्कल पकडली ती याच टॅबमुळे. माणूस स्वतः लिहितो तेव्हा इतिहास खडबडीत दिसतो. दोन वाक्यं, मग त्यातलं एक खोडलेलं, मग शब्द बदललेला, मग दुसऱ्या दिवशी अजून एक परिच्छेद. पेस्ट केलेल्या मजकुराचा इतिहास गुळगुळीत असतो. काल काहीच नव्हतं, आज सगळं आहे. वहीत लिहिलेल्या निबंधाला असा इतिहास नसतो. मास्तरांच्या हातात फक्त शेवटचं पान येतं.

टॅब नव्हता तेव्हा

मग हा सगळा इंटरनेटचाच चमत्कार का? विद्यार्थ्यांनी लिहायचं, एकमेकांना वाचून दाखवायचं, टीका ऐकायची, सुधारायचं आणि छापायचं, हे महाराष्ट्रात १८४८ साली चालू होतं.

त्या वर्षी मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ सुरू झाली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग होते. सभासदांनी निबंध लिहायचा, सभेत वाचायचा, मग त्यावर चर्चा. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागलं आणि असं लेखन सभेबाहेरच्या वाचकांपर्यंत गेलं. याच सोसायटीच्या तरुणांनी १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि आपल्या मोकळ्या वेळात स्वतः तिथे शिकवलं. विषय त्यांना वरून आखून दिलेले नव्हते, आणि ऐकणारे समोर बसलेले होते. दुसऱ्याचा निबंध उतरवून तिथे वाचण्यात काही अर्थच नव्हता.

पुण्यातही तेव्हा काहीतरी घडत होतं. १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकामांसाठी हाताखालची माणसं तयार करणारा इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला. त्याचंच पुढे कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं. त्याच्या पुढच्याच वर्षी त्याच शहरात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे नावाच्या विद्यार्थिनीने एक निबंध लिहिला. मांगमहारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध ‘ज्ञानोदय’ने १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये दोन भागांत छापला.

हा निबंध आज कुणीही वाचू शकतं आणि वाचायलाच हवा. शाळकरी मुलीने लिहिलेला हा मजकूर कुठल्याही गाईडात सापडला नसता, कारण तो त्याआधी कुणी लिहिलेलाच नव्हता. ज्यांना धर्मग्रंथ वाचायचाच अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न ती विचारते. आपल्या वस्तीतल्या बायकांच्या बाळंतपणाचे हाल ती सांगते. विषय तिच्या घरातला होता, भाषा तिची होती, आणि वाचणारे असे होते की ज्यांना हे ऐकणं भाग पडावं. तिचा निबंध शाळेच्या कपाटात राहिला असता तर कधीच रद्दीत गेला असता. छापला गेला म्हणून पावणेदोनशे वर्षांनी आपल्यापर्यंत आला.

आमच्या नांदगावकडून रेल्वेने पुढे निघालं की लगेच खानदेश लागतो. त्याच खानदेशात, अमळनेरला, साने गुरुजी १९२४ पासून प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेलं ‘छात्रालय दैनिक’ चालवत, आणि १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. योगायोग बघा, याच सुमारास फ्रान्समधल्या एका खेड्यात सेलेस्तँ फ्रेने नावाचा शिक्षक वर्गात छोटा छापखाना आणत होता. मुलं आपले मजकूर स्वतः खिळे जुळवून छापायची, मग ते दूरच्या दुसऱ्या शाळेला पाठवायची, तिकडून त्यांचे यायचे. आपल्याकडच्या शाळांमधली हस्तलिखितं आणि भित्तिपत्रकं याच कुळातली. फळ्याशेजारी टाचणीने लावलेला कागद येता-जाता सगळे वाचतात, एवढ्यानेच लिहिणाऱ्याचा हात बदलतो.

या सगळ्यांकडे साधन म्हणून होतं ते शाई, कागद, फार तर खिळे. २०११ मध्ये साधन जगातलं सगळ्यात ताकदवान होतं, पण त्याच्याभोवती सभा नव्हती.

इंजिनिअरांची अडचण

याला दुजोरा देणारी एक गोष्ट अमेरिकेतलीच आहे. जॉर्जिया टेक या तंत्रविद्यापीठात मार्क गझ्डियल आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘कोवेब’ नावाचा, खास वर्गांसाठीचा विकी बनवला. तो वेगवेगळ्या विषयांच्या वर्गांत वापरून पाहिला. इंग्रजी लेखनाच्या वर्गात तो छान रुजला. मुलं एकमेकांचं वाचू लागली, त्यावर लिहू लागली. इंजिनिअरिंग आणि गणिताच्या काही वर्गांत मात्र विद्यार्थी त्याकडे फिरकेनात, कामाचा भाग असला तरीही.

२००२ मध्ये या मंडळींनी ‘सहकार्य चालत नाही तेव्हा’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा शोधनिबंधच लिहिला. कारणं ओळखीची वाटतील. मार्क एकमेकांच्या तुलनेत मिळत असतील तर दुसऱ्याला मदत करणं म्हणजे स्वतःचं नुकसान. उत्तर एकच असेल तर चर्चा कशावर करायची? आणि सगळ्यांसमोर प्रश्न विचारला तर आपल्याला येत नाही हे दिसणार.

म्हणजे रोग आपल्याकडचाच आहे असं नाही. जिथे उत्तर आधीच ठरलेलं असतं, तिथे एकत्र लिहिण्याला जागा उरत नाही. सॉफ्टवेअर तेच, विद्यापीठ तेच. फरक पडला तो वर्गात काय विचारलं जात होतं त्याने.

कैरो, बंगळूर आणि भाषा

पुण्यानंतर हा कार्यक्रम कैरोत गेला. २०१२ च्या वसंतात कैरो आणि ऐन शम्स विद्यापीठांमध्ये मोजके वर्ग घेतले. मुलं थोडी, प्राध्यापक सोबत, आणि लेखन अरबीत, म्हणजे मुलांच्या स्वतःच्या भाषेत. भाषा विभागांतल्या विद्यार्थ्यांनी बरंचसं काम भाषांतराचं केलं. हा प्रयोग टिकला आणि वाढला. पुढे बंगळूरच्या क्राइस्ट विद्यापीठात कन्नडसह इतर भारतीय भाषा दुसरी भाषा म्हणून घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपापल्या भाषेच्या विकिपीडियावर लिहायला सुरुवात केली.

भाषांतर करताना पेस्ट चालत नाही. वाक्य स्वतःच बांधावं लागतं. आणि इंग्रजी विकिपीडियावर अर्थशास्त्राच्या जुन्या संकल्पनेवर नवीन काय लिहिणार? मराठीत मात्र अर्ध्याहून अधिक जग अजून लिहायचं बाकी आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तिथे शाळकरी मुलाने लिहिलेला नीट संदर्भ दिलेला एक परिच्छेदही खरी भर ठरतो.

इथे एसएनडीटीची आठवण होते. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा शिक्षण मातृभाषेतून द्यायचं, हा त्यांचा आग्रह होता. इंग्रजीचं ओझं उतरवलं तर मुली विषय समजून घेतील, असा तो विचार. ९५ वर्षांनी त्याच विद्यापीठाचं नाव ज्या प्रयोगात होतं, त्याचा सारा भर इंग्रजीवर होता. यात कुण्या एकाचा दोष नाही. जगाचा दरवाजा इंग्रजीत उघडतो हे मलाही रोजच्या कामात दिसतं. पण आपलं वाक्य लिहायला शिकणं आणि परकी भाषा शिकणं ही दोन कामं एकाच तारखेला, एकाच असाइनमेंटमध्ये मागितली, की मूल तिसरा रस्ता धरतं, उतरवण्याचा.

नांदगावच्या फोनवर

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेची ‘शाळा बंद... पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला रोज फोनवर येऊ लागली. घरून काम करायला मी नांदगावला आलो होतो. शेजारच्या मुलीच्या वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप मला बघायला मिळाला. सर सकाळी प्रश्न टाकायचे. दुपारपर्यंत वहीच्या पानांचे फोटो यायला लागायचे. पहिला फोटो अकराच्या सुमारास, आणि मग एकामागून एक, सगळे त्या पहिल्या फोटोसारखे. अक्षर तेवढं वेगळं. सर प्रत्येकाखाली अंगठा द्यायचे. चाळीस फोटो, चाळीस अंगठे. ते तरी काय करणार? एवढ्याशा पडद्यावर पेन्सिलीने लिहिलेली चाळीस पानं कोण वाचू शकतं?

वर्गाच्या वहीतली जुनी रीत फोनवर तशीच येऊन बसली होती. फोन नवा, रीत जुनी. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि या रीतीचा उरलासुरला आडपडदाही गेला. आता पहिल्या फोटोसाठी अकरापर्यंत थांबायची गरज नाही. उत्तर हवं तेव्हा, हव्या त्या लांबीचं, दर वेळी वेगळ्या शब्दांत मिळतं. सर्च इंजिनमध्ये वाक्य टाकून नक्कल पकडायची पुण्याची युक्तीही त्यावर चालत नाही.

म्हणून मला वाटतं की आता वाचायला हवा तो लेखनाचा इतिहास, आणि विचारायला हवेत ते असे प्रश्न ज्यांचं उत्तर तयार नाही. असे प्रश्न आपल्या गावात भरपूर पडलेले आहेत.

एक उदाहरण देतो. वेरूळची लेणी बघायला निघालेले प्रवासी एके काळी नांदगाव स्टेशनवर उतरत आणि तिथून टांग्याने पुढे जात. निजामाच्या रेल्वेचा मनमाड-औरंगाबाद मार्ग १९०० च्या सुमारास झाला आणि ही वाट मोडली. आज मनमाड जंक्शन सगळ्यांना ठाऊक आहे, पण नांदगावला वेरूळचं स्टेशन म्हणत असत हे गावातल्या किती मुलांना माहीत असेल?

समजा आठवीच्या पाच जणांनी एका सामायिक डॉक्युमेंटमध्ये यावर एक पान लिहायला घेतलं. एकीचे आजोबा रेल्वेत होते, ती त्यांना विचारून चार ओळी लिहील. एक जण नाशिक जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटिअर उघडेल, त्यातलं इंग्रजी त्याला पुरतं कळणार नाही, म्हणून बाजूला शेरा टाकून सरांना विचारेल. आजोबांचं सांगणं आणि छापील नोंद जुळणार नाहीत. मग वाक्य खोडावं लागेल, ‘असं सांगतात’ आणि ‘अशी नोंद आहे’ यातला फरक करावा लागेल. सर चाळीस पानं तपासणार नाहीत, आठ गटांची आठ पानं उघडतील, आणि इतिहासात दिसेल की मंगळवारी कुणी काय लिहिलं, बुधवारी ते का बदललं. मार्क शेवटच्या पानाला थोडे आणि त्या बदलांना जास्त द्यायचे.

यासाठी लागणारा फोन आज बहुतेक घरांत आहे. घरात एकच असेल तर पाच जणांत दोन फोनही पुरतात. लागणारी दुसरी गोष्ट दुर्मीळ आहे. गटाची संख्या लहान ठेवणारा, घाई न करणारा, मुलाचं अर्धवट, चुकीचं पण स्वतःचं वाक्य बघून त्याच्या बाजूला ‘हे कशावरून?’ एवढं लिहिणारा शिक्षक. पुण्यात प्राध्यापकही होते आणि सॉफ्टवेअरही होतं, पण शेकडो विद्यार्थ्यांना हा प्रश्न वेळेवर विचारायला माणसं नव्हती. जेव्हा तो विचारला गेला, तेव्हा तो परक्या देशातून, परक्या भाषेत आणि इशाऱ्याच्या सुरात आला.

ते लेख आता बहुतांशी पुसले गेले आहेत. पण कुणी केव्हा काय काढलं, त्यावर कोण काय म्हणालं, वाद कुठवर गेला, ही सगळी चर्चा अजून जागच्या जागी आहे. आपल्या शिक्षणातले बाकीचे फसलेले प्रयोग दरवर्षी जर्नलांसोबत रद्दीवाल्याकडे जातात. हा एक मात्र इतिहासाचा टॅब उघडून कुणालाही वाचता येतो. ज्या शिक्षकाला उद्या आपल्या वर्गात असं काही करून बघायचं असेल, त्याने आधी तो वाचावा. आणि मुलांना मुक्ता साळवेंचा निबंध वाचायला द्यावा, म्हणजे शाळेतल्या मुलीने लिहिलेलं कुठवर जाऊ शकतं ते त्यांनाही कळेल.